पार्बताबाईंचं आवतण

पार्बताबाईंनी मला एकदाच मारलं, आणि तेही चुकून. नेम दुसऱ्याच माणसावर होता. भाजीचा स्टीलचा डाव खानावळीच्या दारातून सुसाट बाहेर आला, ज्याच्यासाठी सुटला होता तो गडी खाली वाकला, आणि मी बिचारा माझ्या दुकानाची पायरी झाडत होतो. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं. पार्बताबाई बाहेर आल्या, टेंगूळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी काहून मधात आले, दवाईवाले भाऊ?" माफी वगैरे काही नाही. डाव उचलला, पदराला पुसला आणि आत जाऊन त्याच डावानं वाढायला लागल्या.

विश्रांतवाडीत माझं औषधाचं दुकान आणि शेजारच्याच गाळ्यात त्यांची खानावळ. मधे एक भिंत. तीही एवढी पातळ की त्यांच्याकडे ताट आपटलं की माझ्याकडच्या खोकल्याच्या बाटल्या थरथरायच्या. मी मूळचा कसबा पेठेतला. आमच्याकडे भांडण म्हणजे शब्दांचा मामला. समोरचा घरी जाऊन जेवून आडवा झाला की मग त्याच्या लक्षात येतं, की अरेच्चा, आपला अपमान झाला. पार्बताबाईंच्या पद्धतीत हा घोळ नव्हता. समोरच्याला जागच्या जागी कळायचं.

त्या वाशीमकडच्या एका खेड्यातल्या. उंच, काटक, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. स्वतःबद्दल बोलतानाही "मी जातो, मी येतो" म्हणायच्या. त्यांच्या मुलखात बायका तसंच बोलतात, पण पार्बताबाईंच्या तोंडी ते विशेष शोभायचं. जेवायला येणारी सगळी पोरं तिकडचीच, विदर्भातली. कुणी कंपनीत कामाला, कुणी कॉलेजात, कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून कॉम्प्युटरपुढे बसणारा. सगळ्यांची ती मावशी, आणि सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लेलं, दोन्ही अर्थांनी.

खानावळीचा नियम एकच. वाढलेलं ताट संपवल्याशिवाय उठायचं नाही. फोन येवो, बॉस येवो, भूकंप होवो. आमच्या भागात एक दांडगट होता, गळ्यात जाड साखळी घालून हिंडायचा. तो एकदा जेवता जेवता "भाजी बेचव आहे" म्हणून उठला आणि ताट लाथेनं सरकवलं. पार्बताबाईंनी पोळपाट उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. रक्ताची धार त्याच्या भुवईवरून वरणात. मी कापूस घेऊन धावलो तर त्यांनीच माझ्या हातातून तो ओढला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जखम पुसली, पट्टी बांधली, आणि नवं ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. "जेव आता. अन्नाले लाथ मारू नाही, बाप्पा." तो जेवला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एवढा आडदांड माणूस खाली मान घालून, हुंदके देत भात कालवत होता. पुढे तो रोजचा गिऱ्हाईक झाला आणि भाजी कशीही असली तरी चांगलीच म्हणायचा.

हे हात उगारणं कुठून आलं, ते त्यांनी एकदा गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा सहज सांगितलं. "माहा नवरा लय मारे. मी सोसलं. एक दिवस मी मुसळ उचललं. त्या दिवसापासून दोघंबी शहाने झालो." नवरा पुढे तापानं गेला. मुसळ उचललेला हात मात्र खाली यायचा विसरला, असं मला नेहमी वाटत आलं.

मुलगे दोन. थोरला दिगंबर आधी पुण्याला आला, एका कारखान्यात माल चढवायच्या कामाला लागला, आणि मागोमाग आईला आणून त्यानंच ही खानावळ काढून दिली. धाकटा गजानन गावीच राहिला, थोडी शेती आणि एक बैलजोडी घेऊन. काजळ्या आणि चांद्या. वासरं होती तेव्हापासून त्यानंच वाढवलेले. पार्बताबाईंच्या जिवाला याच गोष्टीचा घोर होता. एक पोरगा इथे, एक तिथे. त्यात शेती करणाऱ्या पोराला आता कुणी मुलगी देत नाही. गजाननला तीन ठिकाणांहून नकार आलेला. "मुलगा पुण्यात असता तर केलं असतं," असं तोंडावर सांगून.

मग एके दिवशी गजानन आला. आईनं फोन करून बोलावलं होतं, कंबर धरली आहे, आठ दिवस येऊन हात लाव म्हणून. शांत, सावळा, अंगानं भरलेला पोरगा. आल्या दिवसापासून पाणी भरायला, कांदे चिरायला, वाढायला लागला. शेजाऱ्याला रोज फोन करून विचारायचा, काजळ्या कडबा खातो का.

त्या दुपारी दिगंबरला सुट्टी होती आणि दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले होते. खानावळ भरलेली. गजाननच्या फोनवर गावातल्या एका मित्रानं व्हिडिओ पाठवला. त्यानं जेवता जेवताच तो लावला. बैलाचं हंबरणं मला माझ्या दुकानात ऐकू आलं, म्हणून मी डोकावलो. पडद्यावर एक टेम्पो, त्याला लावलेली फळी, आणि पुढचे दोन्ही पाय ताठ रोवून उभा राहिलेला काळा बैल. मागून एक माणूस त्याची शेपटी पिरगाळत होता.

"हे कोनं केलं?" गजाननने विचारलं.

दिगंबर ताटातून मान वर न करता म्हणाला, "मी. तिकडं आता काय हाय तुहं? इकडंच राहाचं. कंपनीत सांगून ठेवलं मी."

"कोनाले इकले?"

"शेजाऱ्याच्या हातानं बाजारात इकले. मले काय मालूम कोनाले."

खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तिथेच पडला होता, सकाळी ठेचा कुटलेला. गजाननने तो उचलला. पहिला घाव डोक्यावरच होता, दिगंबर वळला म्हणून खांद्यावर बसला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. दुसरा घाव टेबलावर, ताटं उडाली. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा दिगंबर खाली पडला होता आणि त्याचं डोकं उघडं होतं. पोरं जागच्या जागी थिजलेली.

पार्बताबाई पुऱ्या तळत होत्या. त्या कढईतला झारा तसाच घेऊन आल्या आणि गजाननच्या थोबाडावर मारला. गालापासून कानापर्यंत. चरचरल्याचा आवाज आला आणि मग वास आला. बत्ता खाली पडला. गजानन ओरडला नाही. आईकडे नुसता बघत राहिला. मी मलम घेऊन पुढे झालो तर त्यानं मला एका हातानं बाजूला सारलं आणि चालायला लागला. तो पायरी उतरत असताना पार्बताबाई मागून किंचाळल्या, "ताटावरून कुठं चालला बे?" तेवढंच त्यांना सुचलं.

त्यानंतर तीनेक वर्षं तो पोरगा खानावळीत आला नाही. दिगंबरचं हाड वेडंवाकडं जुळलं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा कारखान्यातलं काम सुटलं. तो खानावळीच्या काउंटरवर बसायला लागला, कडू तोंड करून. बैल नाहीत म्हणून गजानन गावीही परतला नाही, कोथरूडला एका सोसायटीत वॉचमन आहे, असं पोरांकडून कळलं. पार्बताबाई तिकडे जाणाऱ्या पोराबरोबर डबा पाठवायच्या. डबा भरलेला परत यायचा. त्या तो उघडायच्या, एकट्याच बसून संपवायच्या, आणि त्या दिवशी जो कुणी समोर येईल त्याची काही खैर नसे. मारण्याचं प्रमाण वाढलं होतं. पूर्वी मारून झाल्यावर त्या हसायच्या, ते थांबलं.

एकदा एका नव्या विद्यार्थ्यानं भाबडेपणानं विचारलं, "दादा, तुमचा हात कशानं गेला?" दिगंबरनं डाव्या हातानं पाण्याचा जग फेकला. पोराचं कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. मी रिक्षा आणायला पळालो. परत येऊन बघतो तर दिगंबर काउंटरवर डोकं आपटत होता आणि पोरं त्याला धरत होती. "गज्याले आण, माय," असं तो म्हणत होता. "त्याले आण, नाही तर मी कोनाचा तरी जीव घेतो."

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई दुकानात आल्या. "भाऊ, उद्या तुमच्या गाडीवर मले कोथरूडले नेता का? परवा पोळा हाय. आवतन द्याचं हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे खांदेमळण असते, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून, गरम केलेल्या पळसाच्या पानानं शेकायचे. मग बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. राबवलं, मारलं, पराणी टोचली, त्या सगळ्याची ती माफी. म्हटलं, "अहो पार्बताबाई, पण हे बैलांना करतात." तर माझ्याकडे असं बघितलं की मी कसब्यातून पळसाच्या पत्रावळी आणून दिल्या. त्यांनी त्यांच्या काड्या उपसून एकेक पान सुटं केलं.

कोथरूडपर्यंत त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, मांडीवर तुपाची वाटी झाकून. सोसायटीच्या फाटकाशी गजानन निळ्या कपड्यांत उभा होता. गालापासून कानापर्यंत चकचकीत डाग, त्यावर दाढी उगवत नव्हती. आईला बघून तो मागे सरकला, केबिनच्या भिंतीला टेकेपर्यंत.

"बटनं काढ," पार्बताबाई म्हणाल्या. तो हलला नाही. त्यांनीच त्याच्या सदऱ्याची वरची बटणं काढली, लायटरनं पान शेकलं, आणि खांद्यावर हळद-तूप चोळायला लागल्या. बाहेर गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. अर्धी विजार, पांढरे बूट, अस्सल आमच्या जातकुळीचे. "बाई, आपण हा कार्यक्रम रस्त्यावर केलात तर बरं. आमच्या नियमावलीत मालिश बसत नाही." पार्बताबाईंनी ऐकलंच नाही. "आणि वॉचमनसाहेब, आपली नेमणूक फाटक उघडायला आहे, अभ्यंगस्नानाला नव्हे." एवढं बोलून थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी वाटी काढून घ्यायला हात पुढे केला. हळदीनं माखलेला पंजा त्यांच्या गालावर असा बसला की चष्मा पार्किंगमध्ये जाऊन पडला आणि गृहस्थ मटकन खाली बसले. बाल्कन्यांमधून माणसं बाहेर आली. मला मनापासून सांगायचं तर फार बरं वाटलं.

पार्बताबाईंनी वळूनही पाहिलं नाही. पोराच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जन्मात कुठल्या पोराला अहोजाहो न केलेली बाई. गजाननने सदऱ्याची बटणं लावली आणि फाटक उघडलं. सेक्रेटरींनी खालूनच त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. निदान पोळ्याची सुट्टी मागायचा प्रश्न मिटला.

पोळ्याच्या दुपारी तो आला. खांद्याला पिशवी. खानावळीत पुरणाचा वास, पोरं पंगतीला बसलेली. दिगंबर काउंटरमागून उठला, चालत गेला आणि डाव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर मारली. गजानन बाकावर कोसळला. ओठ फाटला. दिगंबरनं त्याला कॉलरला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, मग पोटात लाथ, मग पाठीत. मी कापूस घेऊन आत घुसायला लागलो तर पार्बताबाई दारात हात आडवा लावून उभ्या. "थांबा, भाऊ. दिग्याचं राह्यलं होतं. होऊ द्या."

"अहो, मरेल तो!"

"नाही मरत. मी पाहून राह्यलो ना."

त्या खरंच बघत होत्या, डोळ्याची पापणी न हलवता. गजाननने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. शेवटी दिगंबरच दमला आणि फरशीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "हात काहून नाही उचलत बे? मार ना मले!"

गजानन रक्त थुंकला. "झालं का तुहं? शर्ट काढ."

कालची हळद-तुपाची वाटी आणि उरलेली पानं तिथेच होती. पान शेकून तो भावाच्या त्या वाकड्या खांद्यावर हळद-तूप चोळत बसला. जिथे हाडाचा उंचवटा होता तिथे त्याची बोटं थांबली. दिगंबर म्हणाला, "मले वाटलं, इकडं आला तर तुहं लगन होईल. चुकलो, गजू. त्याहिले कोनी नेलं, मी लय शोधलं. नाही सापडलं." गजानन चोळत राहिला. माझ्या शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरं डोळे पुसत होती आणि मीही काही फार वेगळं करत नव्हतो. मला वाटलं, संपलं. पार्बताबाईंनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि ताट वाढून आणलं. पुरणपोळी, कढी, वडे.

गजाननने ताट हातानं दूर सारलं. "तुह्या हातचं नको."

पार्बताबाईंनी ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"दिग्यानं बैल इकले, मी त्याचा खांदा मोडला. त्याचं माहं फिटलं," तो म्हणाला. "तू फोनवर काय म्हनली होती मले? कंबर धरली, उठता येत नाही, ये. मी बैलाइले शेजाऱ्याच्या हवाली करून धावत आलो. धरली होती का तुही कंबर?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो पोरगा आला त्याच आठवड्यात मी पार्बताबाईंना भरलेलं सिलिंडर एकटीनं उचलताना पाहिलं होतं. कंबरेची गोळी की मलम, काही माझ्याकडून नेलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की भांडण दोन भावांचं आहे आणि आई मधे सापडली.

पार्बताबाई आत गेल्या, उकळत्या कढईतून झारा काढला आणि तो गजाननच्या हातात दिला. दांडा त्याच्याकडे. "घे. मार. मी मारला तसाच, थोबाडावर." आणि त्याच्यापुढे गाल करून उभ्या राहिल्या, डोळे उघडे ठेवून. झाऱ्यातलं तेल फरशीवर टपटपत होतं. गजाननने हात वर केला. दिगंबर "गजू!" म्हणून ओरडला.

"मार नाही पायजे मले," गजानन म्हणाला. "लय मार खाल्ला तुहा. मले तू सांग. धरली होती का कंबर?"

त्या बाईला मी रक्ताला, पोलिसाला, गुंडाला भिताना पाहिलं नव्हतं. आता तिचे ओठ नुसते हलत होते. गाल भाजून घ्यायला ती हसत तयार होती, पण हे जमत नव्हतं.

"नव्हती धरली," त्या पुटपुटल्या.

"सगळ्याइले आयकू दे."

"नव्हती धरली!" त्या अशा ओरडल्या की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. "मी खोटं बोललो! बैल इकाचे होते म्हनूनच बलावलं तुले. दिग्याले मीच म्हटलं इक म्हनून. दोन पोरं दोन जागी, मले पाहवत नव्हतं रे. तुहे बैल मी खाल्ले, गजू. मी खाल्ले."

गजाननने झारा परत कढईत नेऊन ठेवला. हात धुतले. दिगंबरच्या शेजारी मांडी घालून बसला आणि खाली बघत म्हणाला, "वाढ."

त्यांनी वाढलं. तो सगळं जेवला, फुटलेल्या ओठांनी, हळूहळू.

पुढच्या आठवड्यात गजानन गावी परत जायला निघाला आणि पार्बताबाई त्याच्याबरोबर निघाल्या. त्यानं या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. खानावळ दिगंबर चालवणार होता. आळंदी रोडवर वाशीमची ट्रॅव्हल्स थांबते तिथे मी आणि दिगंबर पोचवायला गेलो. गाडीचा क्लीनर त्यांचं गाठोडं डिकीत घेईना. म्हणाला, "आजी, भांडीकुंडी चालत नाहीत." पार्बताबाईंचा हात उठला.

तो हात गजाननने वरच्या वर मनगटाला धरला. मी मनात म्हटलं, आता हा खातो. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. गजाननने दुसऱ्या हातानं गाठोडं उचललं, "मांडीवर घेतो," असं क्लीनरला सांगितलं, आणि आईला त्या मनगटानंच धरून पायऱ्या चढवल्या.

गाडी सुरू झाली. दिगंबर काचेवर डाव्या हातानं थापा मारत चार पावलं धावला. पार्बताबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या रडत होत्या आणि मोकळा हात पुढे करून पोराच्या गालावरच्या डागाला लावू बघत होत्या. गजाननने तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांचं मनगट मात्र त्यानं सोडलेलं नव्हतं.